या आठवड्याचा जिना

टॅक्सीवाल्याने तिसऱ्यांदा त्याच गोल चौकाला वळसा घातला, तेव्हा इश्बेलने त्याला थांबायला सांगितलं. पोरगा ग्लासगोचा होता, आणि कंबरनॉल्डमध्ये येऊन हरवणं हा ग्लासगोच्या टॅक्सीवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

"मावशी, हे कसलं हो गाव? एक सिग्नल नाही, एक धड कोपरा नाही. नुसतं गोल गोल फिरवतात."

"इथे गाडीने कुणी कुठे पोचत नाही, बाळा. चालत पोचतात. त्या गॅरेजच्या ओळीपाशी सोड मला."

गॅरेजच्या ओळीपासून थॉर्न रो या घरांच्या रांगेतलं सतरा नंबरचं घर वीस पावलांवर होतं. हे गाव ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कागदावर काढलं, त्यांची एक ठाम समजूत होती की माणूस आणि मोटार यांचं कधी पटायचं नाही. म्हणून मोटारी एका अंगाने, माणसं दुसऱ्या अंगाने. स्वयंपाकघराचं दार मोटारीकडे. पुढचं दार पायवाटेकडे, झाडांकडे, सात पायऱ्या चढून. बेत चांगला होता, पण राहायला आलेल्यांनी पहिल्या आठवड्यातच तो उलटा करून टाकला. घरचे, शेजारचे, मैत्रिणी, सगळे स्वयंपाकघरातून यायचे. पुढच्या दाराची घंटा वाजली की समजायचं, पाद्री तरी आलाय, पोलीस तरी, नाहीतर कौन्सिलचा माणूस.

इश्बेल बॅग धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. आत रेडिओ चालू होता. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, म्हणजे सूप चुलीवर असणार. एकाहत्तर वर्षांच्या बाईने अख्खा अटलांटिक ओलांडावा आणि वीस पावलांना घाबरावं, याला काय म्हणायचं? पण तेरा वर्षांपूर्वी याच दारातून ती ज्या रीतीने बाहेर पडली होती, त्यानंतर घरच्यासारखं त्यातून आत शिरणं तिला जमेना. तिने बॅग ओढत घराला वळसा घातला आणि ती पायवाटेवर आली.

पायऱ्या पाहून मात्र ती चमकली. सातही पायऱ्यांवर शेवाळ होतं. गेल्या हिवाळ्याचा पाला कोपऱ्यात कुजून बसला होता, आणि चौथ्या पायरीवर कुणीतरी टाकलेला चिप्सचा कागद वाऱ्याने फडफडत होता. नेट्टाच्या दारात? नेट्टा गिलफिलनच्या? जिने एकदा नुकत्याच धुतलेल्या पायरीवर चिखलाचे बूट ठेवणाऱ्या दूधवाल्याला माघारी पाठवलं होतं?

तिने कागद उचलून खिशात घातला आणि घंटा वाजवली.

फोन नेट्टाचाच आला होता, फेब्रुवारीत. तेरा वर्षांत दोघी बहिणींमध्ये नाताळचं कार्ड आणि वाढदिवसाचं कार्ड यापलीकडे काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो आवाज ऐकून इश्बेलने हातातला कप खाली ठेवला. नेट्टाने कशी आहेस वगैरे विचारलं नाही. "आपली ओळ पाडणार आहेत," ती म्हणाली. "मार्चअखेर. मला खाली, दुकानांजवळ एक खोली दिलीय. आईचं काही हवं असेल तर येऊन घेऊन जा." आणि फोन ठेवला.

इश्बेलला आईचं काहीच नको होतं. चहाचा सेट नको, लोकरीचं पांघरूण नको. तिला एकच हवं होतं: नेट्टाने आपल्याला माफ करावं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा दूर कॅलगरीला होता, आणि कॅनडातल्या त्या नीटनेटक्या घरात रोज सकाळी चहा पिताना तिला तेच एक वाक्य आठवायचं, जे तिने आईच्या अंत्यविधीनंतर या घराच्या स्वयंपाकघरात उच्चारलं होतं. विमानात ती सात तास दुसरं वाक्य पाठ करत आली होती. नेट्टा, माझं चुकलं. तुझ्या सात वर्षांची, आईला सांभाळण्यात गेलेल्या, मी एका वाक्यात माती केली.

दार उघडलं. नेट्टा पहिल्यापेक्षा आकसलेली दिसत होती. केस पांढरे, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, आणि हनुवटी मात्र तीच, आईची, भांडायला तयार.

"घंटा कसली वाजवतेस? मला वाटलं घर पाडणारे आठवडाभर आधीच आले. मागचं दार काय मोडलंय?"

"म्हटलं, पायवाटेने यावं. पायऱ्या बघितल्या..."

"पायऱ्यांना काय धाड भरलीय? पाय पूस आणि आत ये. सूप आटतंय."

एवढ्यावर तेरा वर्षांनंतरची भेट उरकली. मिठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. आमच्याकडे असंच असतं. माया सुपात घालतात आणि वर झाकण ठेवतात.

स्वयंपाकघरात खोक्यांची चळत होती. प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने लिहिलेलं होतं. खोक्यांवरच नव्हे, कपाटांवर, खणांवरसुद्धा चिठ्ठ्या होत्या. चमचे. चहा. औषधं, सकाळची. सामान हलवणाऱ्यांसाठी असेल, असं इश्बेलला वाटलं. नेट्टा पहिल्यापासून शिस्तीची, टॅक्सच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढलेली. मग इश्बेलची नजर दाराशेजारच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता. त्याच्याखाली भिंतीवर पोस्टकार्डाएवढा फिकट चौकोन तेवढा उरला होता.

त्या चौकोनाची गोष्ट सांगायला हवी, कारण गिलफिलनांच्या घरातली सगळी भांडणं आणि सगळे तह तिथेच टांगलेले होते.

ग्लासगोच्या टाउनहेडमध्ये, जुन्या काळ्या दगडी इमारतीत, त्यांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होतं. एका मजल्यावर तीन बिऱ्हाडं, तिघांत एक संडास, आणि सगळ्यांत मिळून एक जिना. जिना आळीपाळीने धुवायचा. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं असायचं: या आठवड्याचा जिना तुमचा. धुवून झालं, पांढऱ्या मातीच्या खड्याने पायऱ्यांच्या कडेला नागमोडी रेघ काढून झाली, की कार्ड शेजारच्या मुठीला. देव नवसाला पावो न पावो, जिना शनिवारपर्यंत धुतलेला असायलाच हवा. न धुतलेला जिना म्हणजे त्या घरच्या बाईची अब्रू चव्हाट्यावर, आणि समोरच्या बिऱ्हाडातली टोनरबाई त्या अब्रूची पहारेकरी होती.

मग त्यांना नव्या गावात घर मिळालं. इश्बेल तेव्हा दहा वर्षांची होती, नेट्टा चौदाची. सामान हलवायच्या गडबडीत आई जेसी सकाळपासून धावत होती. ट्रकमध्ये पुढे बाबा आणि आई, मागे गाद्यांवर दोघी बहिणी. नव्या घराचं कुलूप उघडलं आणि सगळी वेडी झाली. न्हाणीघर! टब! गरम पाण्याचा नळ! दोघी पोरी कपड्यांसकट टबात जाऊन बसल्या. बाबा घरातल्या घरात असलेल्या जिन्यावरून तीनदा वर गेले, तीनदा खाली आले, आणि अंगठे गॅलिसमध्ये अडकवून म्हणाले, "जेसी, बघ. आपला स्वतःचा जिना. कुणाच्या बापाची पाळी नाही."

हे ऐकलं आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि कार्ड बाहेर काढलं. त्या आठवड्याचा जिना तिचा होता. सकाळी धुवायचं म्हणून कार्ड काढून खिशात टाकलं होतं आणि ट्रक आला होता. जिना धुवायचा राहिला, आणि पुढच्या घराला द्यायचं कार्डही पंधरा मैल दूर येऊन पडलं. म्हणजे आता तिकडे कुणाची पाळी हेसुद्धा कुणाला कळणार नाही. नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी आई गॅसच्या शेगडीपाशी बसून रडली, ती घर मिळाल्याच्या आनंदाने रडतेय असं बाबांनी जन्मभर सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या शनिवारी जाऊन धुवून येते, असं ती म्हणाली. पण बाबांची नव्या कारखान्यातली पाळी बदलली, नेट्टाला कांजिण्या आल्या, इश्बेलला आल्या. सहाव्या शनिवारी ती ब्रश आणि मातीचा खडा पिशवीत घालून दोन बस बदलून गेली. इमारतीच्या दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. टोनरबाई कुठे गेली ते कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही नीट सांगता येईना. आई तशीच परत आली. इमारत त्याच वर्षी पाडली. बाबा म्हणायचे, "अगं, आता जिनाच नाही, तर कसली पाळी?" आई म्हणायची, "इमारत पडली. पाळी पडली नाही."

तिने नव्या शेजारणींकडे कार्ड नेऊन पाहिलं होतं, समोरच्या सात पायऱ्या चौघींत मिळून धुवायच्या म्हणून. शेजारणी पोट धरून हसल्या. "जेसी, जिना चुकवायला तर आम्ही इथवर आलो!" मग आईने कार्ड स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं आणि घरातल्या घरात राज्य सुरू केलं. भांडी असोत, कोळसा असो, आजारी आत्याला सूप नेऊन द्यायचं असो, आई एकच विचारायची, "जिना कुणाचा?" शनिवारी रात्री ती खिळ्यावरचं कार्ड काढून एकीच्या खोलीच्या दाराला लावायची, काम झालं की ते पुन्हा खिळ्याला; जिच्या दाराच्या मुठीला कार्ड, तिचा जिना. इश्बेल चोरटी होती; रविवारी पहाटे उठून आपल्या दाराचं कार्ड हळूच नेट्टाच्या दाराला लावायची. नेट्टाला कळायचं. ती मुकाट्याने भांडी घासायची आणि मग आठवडाभर इश्बेलची वेणी ओढत राहायची.

"साखर?" नेट्टाने विचारलं.

"नको गं. सोडून वीस वर्षं झाली."

सूप मसुराचं होतं, आईच्याच चवीचं, जरा जास्त खारट. दोघी खात होत्या. नेट्टाने गल्लीतल्यांच्या बातम्या दिल्या. चोवीस घरांपैकी आता तीनच भरलेली होती. म्हातारा लॅफर्टी कुत्र्यासकट शेवटच्या दिवसापर्यंत हलणार नव्हता. मग तिने चहा ओतला.

"साखर किती घालू?"

इश्बेलने वर पाहिलं. टोमणा असावा. साखर सोडलीस हे आम्हाला कसं कळावं, वीस वर्षांत तू इथे चहा प्यायला आलीसच किती, असं म्हणायचं असेल. "नको," ती पुन्हा म्हणाली.

"शुक्रवारी परत जाणार ना तू?"

"शुक्रवारी."

"बरं."

दुपारी नेट्टा म्हणाली, चल, पाय मोकळे करू. बाहेर नेहमीचा वारा होता. टेकडीवर वसवलेल्या या गावाला वारा कधी सुट्टी देत नाही. पायवाट बर्चच्या झाडांमधून उतरत मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्याकडे जात होती. शाळेत जायची हीच वाट. वरून गाड्या जातात आणि खालून माणसं. सगळं गाव असंच आहे. इथली पोरं मोठी होईपर्यंत रस्ता ओलांडायलाच शिकायची नाहीत, आणि मग ग्लासगोला गेली की गाडीखाली येता येता वाचायची. इश्बेलला पायांखालचा प्रत्येक उतार ओळखू येत होता. इथे ती पडली होती. या भिंतीला टेकून तिने डग नावाच्या पोराला, म्हणजे पुढच्या नवऱ्याला, पहिल्यांदा हो म्हटलं होतं. एवढ्याशा सिमेंटच्या वाटेवर आपलं इतकं आयुष्य सांडलेलं असेल याची तिला कल्पना नव्हती, आणि तिला एकदम भरून आलं.

नेट्टा कठड्याला धरून चालत होती. बोगद्याच्या तोंडाशी ती थांबली.

"आईला मी इथूनच न्यायचे," ती म्हणाली. "शेवटची चार-पाच वर्षं. रोज चार वाजले की तिने बादली घेतलीच. जिना राहिलाय म्हणायची, टोनरबाई रागवेल. आधी मी समजावायचे, की आई, ती इमारत कधीच पडली. तर रडायची. मग मी शहाणी झाले. म्हटलं, चल, धुवून येऊ. बोगद्यातून पलीकडे जायचं, त्या बाकावर बसायचं, आणि परत. घरी आलं की विचारायची, धुतला ना गं? मी म्हणायचे, धुतला, आई, लख्ख झालाय. मग समाधानाने जेवायची."

"रोज?"

"रोज. बर्फातसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा न धुतलेला."

इश्बेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दर रविवारी फोन करायची, आणि नेट्टा म्हणायची, आई बरी आहे. ती बरी आहे हे ऐकायला इश्बेलला आवडायचं, म्हणून तिने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. आणि अंत्यविधीनंतर, मोरीशी कप विसळताना, इश्बेलच म्हणाली होती, "आईला आधीच म्हाताऱ्यांच्या एखाद्या संस्थेत ठेवलं असतंस, तर तिचेही हाल वाचले असते." नेट्टाने हातातलं फडकं खाली ठेवलं होतं. खिळ्यावरचं कार्ड काढून खणात टाकलं होतं. "या घरातला जिना माझ्या एकटीचाच होता," एवढंच ती म्हणाली होती. इश्बेल त्याच संध्याकाळी हॉटेलात राहायला गेली.

आता बोगद्यात, अर्ध्या अंधारात, इश्बेलने श्वास घेतला. "नेट्टा, मला एक बोलायचंय. माझं—"

नेट्टाने तोंडाशी हात धरून मोठ्याने "ओऽऽ" केलं, लहानपणी करायच्या तसं. भिंतींनी तिचा ओ परत दिला. "बोगद्यात बोलू नये," ती म्हणाली. "सगळं दोनदा ऐकू येतं. कुठलीही गोष्ट एकदा ऐकली तरी पुष्कळ झालं."

परत येताना तिने पुन्हा विचारलं, शुक्रवारी जाणार ना? आणि रात्रीच्या जेवणाला, चौकोनी सॉसेज ताटात वाढताना, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी इश्बेलने काटा खाली ठेवला. आपण जाण्याची ती वाट बघतेय, दुसरं काय. खोकी भरून झाली, चहाचा सेट बांधून दिला, नातं मिटवलं. पाठ केलेलं वाक्य तिने पाठच ठेवलं आणि ती आपल्या जुन्या खोलीत जाऊन झोपली. खोलीत पलंग आणि दिवा याखेरीज काही उरलं नव्हतं. माफी मागायला आलेल्या माणसाला मागूच दिली नाही, तर त्याने करायचं काय? पहाटेपर्यंत ती छताकडे बघत होती, आणि मग केव्हातरी तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं, फिकट, मार्चमध्ये असतं तेवढंच. ती उठून दार उघडायला गेली आणि बाहेरच्या मुठीवर काहीतरी टकटकलं.

कार्ड होतं. कडा कुरतडलेल्या, दोरा नवा, बहुतेक बुटाची नाडी. अक्षरं पुसट झाली होती, पण ती वाचायची गरज नव्हती.

इश्बेल कार्ड हातात घेऊन दारातच उभी राहिली. मग नाइटगाऊनवर स्वेटर चढवून ती खाली गेली. स्वयंपाकघरात नेट्टा नव्हती. टेबलावर, बशी मांडावी तशा व्यवस्थित, बादली, दांड्याचा ब्रश, गुडघ्याखाली घ्यायची रबरी गादी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला होता. डब्यात पांढऱ्या मातीचा शेवटचा खडा होता, अंगठ्याएवढा.

शेवाळ सहजासहजी सुटत नव्हतं. इश्बेलने वरून सुरुवात केली. कॅनडात तिच्याकडे काम करायला बाई यायची. पंचवीस वर्षांत ती गुडघ्यांवर बसली नव्हती. पण हातांना सगळं आठवत होतं: आधी कोरडा झाडू, मग गरम पाणी, मग आडवा ब्रश, मग कोपरे. तिसऱ्या पायरीपर्यंत पाठ भरून आली. पाणी काळं होऊन खाली वाहायला लागलं.

पायवाटेवरून लॅफर्टी कुत्र्याला घेऊन आला आणि थांबला. कुत्र्यानेही थांबून पाहिलं.

"इश्बेल गिलफिलन ना गं तू? कॅनडावाली?"

"हो, मीच."

"अगं बये, पुढच्या बुधवारी यंत्रं येणार आहेत. हे सगळं भुईसपाट. पाडायच्या पायऱ्या धुतेस कशाला?"

इश्बेलने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. "या आठवड्याचा जिना माझा आहे," ती म्हणाली.

लॅफर्टीही ग्लासगोचाच, काळ्या दगडी इमारतीतला. त्याने टोपीला हात लावला आणि कुत्र्याला ओल्या पायरीपासून लांब ओढत नेलं.

वरच्या पायरीवर चाहूल लागली. नेट्टा चहाचे दोन कप घेऊन पुढच्या दारात येऊन बसली. ती पायऱ्यांकडे बघायला लागली. आईसारखीच, मान एका बाजूला करून.

"जानेवारीत डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "आईचंच आहे माझं. सुरुवात आहे म्हणतात. पण आहे तेच."

इश्बेलचा ब्रश थांबला. साखर. खणांवरच्या चिठ्ठ्या. खारट सूप. धुवायच्या राहिलेल्या पायऱ्या. आणि तो शुक्रवार, जो तिने टोमणा म्हणून मोजला होता. स्वतःचा अपराध कानात इतका भरलेला होता, की बहिणीच्या साध्या विसरण्यातही तिला फक्त स्वतःवरचा राग ऐकू आला होता.

"म्हणून बोलावलंस मला?"

"बोलावलं घर पडतंय म्हणून. कार्ड लावलं ते यासाठी." नेट्टाने कप खाली ठेवला. "तू तेव्हा संस्थेचं बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं. मलाही कधीतरी ठेवावं लागेल, ठेव. मी काही म्हणायची नाही. पण त्याआधी थोडे दिवस कुणीतरी मला चार वाजता बोगद्यापर्यंत नेऊन आणावं, असं वाटतं गं. धुतला का विचारलं, तर धुतला म्हणावं. बस."

"नेट्टा, माझं चुकलं. तुझ्या सात वर्षांची मी—"

"ठाऊक आहे. विमानात पाठ केलेलं दिसतंय. ब्रश चालव, पाणी गार होतंय."

इश्बेलने ब्रश चालवला. डोळ्यांतलं पाणी पायरीवर पडत होतं, पण पायरी ओलीच असल्यामुळे ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. सातवी पायरी झाली. तिने स्वच्छ पाणी ओतलं, फडक्याने टिपलं, आणि मातीचा खडा ओला करून वरपासून खालपर्यंत कडेने नागमोडी रेघ काढायला घेतली. रेघ आईसारखी आली नाही. खडा शेवटच्या पायरीला पुरला, जेमतेम.

"छान दिसतंय," नेट्टा म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी शोधत असल्यासारखी. "शुक्रवारी परत जाणार ना तू?"

या वेळी इश्बेलला त्यात प्रश्नच ऐकू आला.

"नाही," ती म्हणाली. "या आठवड्याचा जिना माझा आहे."

"आणि पुढच्या?"

"पुढच्याचाही माझाच."

"असं नसतं. ओळीने दोन आठवडे कुणी धूत नाही. आईचा नियम आहे."

"तू सात वर्षं ओळीने धुतलास."

नेट्टाने चहाचा घोट घेतला, आणि बोट लांब करून खालच्या पायरीकडे दाखवलं.

"मग तो डावा कोपरा पुन्हा घास," ती म्हणाली. "टोनरबाई बघत असेल."